गॅस संपत नाही, गळतो!

होळी झाली की आमच्या वर्धेकडे दोन कामं ठरलेली. कोपऱ्यात झाकून ठेवलेला कूलर बाहेर काढायचा, त्याच्या ताट्या बदलायच्या. आणि दाराशी गाडी असेल तर ती एसीवाल्याकडे नेऊन ‘गॅस टाकून’ आणायची. पहिल्या कामाबद्दल माझं काही म्हणणं नाही. ताट्या गवताच्या, त्या कुजतात, बदलाव्याच लागतात. पण गाडीत दर उन्हाळ्याला गॅस टाकायचा हा जो रिवाज पडला आहे ना, त्याला माझा ठाम विरोध आहे. कारण सरळ आहे. एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळत नाही. तो बंद नळ्यांमधून फिरतो, गाडीच्या आतली उष्णता उचलतो, बाहेर नेऊन टाकतो आणि पुन्हा आत येतो. तोच गॅस, पुन्हा पुन्हा. मग तो ‘संपेल’ कसा?

आपल्या स्वयंपाकघरातल्या फ्रिजचंच बघा. त्यातही याच जातीचा गॅस फिरत असतो. दहा-पंधरा वर्षं फ्रिज चालतो. दर होळीला कोणी येऊन त्यात गॅस भरून जातं का? नाही ना! मग गाडीलाच दरवर्षी कशी भूक लागते?

आता, गाडीची आणि फ्रिजची तंतोतंत बरोबरी करता येणार नाही, हेही कबूल करायला हवं. फ्रिजच्या नळ्या जोडून पक्क्या बंद केलेल्या असतात आणि त्याचा कंप्रेसर डब्यात सीलबंद असतो. गाडीचा कंप्रेसर इंजिनावर पट्ट्याने फिरतो. नळ्यांचा काही भाग रबरी, सांध्यांमध्ये रबरी रिंगा, आणि वर्षानुवर्षं खड्ड्यांतून आदळआपट. त्यामुळे चांगल्या गाडीतूनही चार-पाच वर्षांत थोडा गॅस झिरपून कमी होतो. तेवढं समजण्यासारखं आहे. पण मार्चमध्ये भरलेला गॅस मे महिन्यात नाहीसा होत असेल, तर गाडीला भूक लागलेली नाही, कुठंतरी भोक पडलेलं आहे. फुटक्या माठात रोज पाणी भरणाऱ्या बाईला आपण काय म्हणू?

‘एसी म्हणजे चैन, काचा खाली करायच्या आणि जायचं,’ असं म्हणणाऱ्यांनी एकदा मे महिन्यात दुपारी दोन वाजता इकडे यावं. आमच्या बोरगावच्या नावात ‘मेघे’ आहे, पण त्या दिवसांत आभाळात औषधालाही मेघ सापडत नाही. पारा पंचेचाळीसच्या वर जातो. नागपूरला २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंशांची नोंद झाली होती. आम्ही तिथून पाऊणशे किलोमीटरवर, म्हणजे आमचीही कथा तीच. नवतपात चालत्या गाडीची काच खाली केली की वारा येत नाही, झळ येते. अंगापेक्षा बाहेरची हवाच जास्त तापलेली असली की त्या वाऱ्याने थंडावा कुठून मिळणार?

आमच्या बचत गटातल्या एका मैत्रिणीची गोष्ट सांगते, म्हणजे मी एवढी पोटतिडकीने का लिहिते आहे ते कळेल. तिच्या सासूबाईंना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावं लागतं. अशा रुग्णाला पाणी मोजून-मापून प्यावं लागतं, दिवसाला डॉक्टर सांगतील तेवढंच. आपल्याला ऊन लागलं तर आपण तांब्याभर पाणी पितो, पन्हं पितो. त्या माऊलीला ती सोय नाही. तिच्यासाठी गाडीतला थंडावा चैन म्हणायचा का? मैत्रिणीने त्यासाठीच एक जुनी छोटी गाडी घेतली, चालवायला शिकली. आणि दोन उन्हाळ्यांत तीनदा गॅस भरला. दर वेळी अठराशे रुपये. दर वेळी एसीवाल्याचं एकच वाक्य, “गॅस सरला होता ताई, आता फुल करून देल्ला.” तीन आठवडे छान गारवा, मग हळूहळू कमी, महिना-दीड महिन्यात नुसता वारा. चौथ्या वेळी त्याने सांगितलं, “आता कंप्रेसरच गेला, बदलाच लागते.” आणि मग ते नेहमीचं, “साहेबांशी बोलू का मी?”

साहेबांशी कशाला? गाडी ती चालवते, पैसे ती देते, एसी कधी थंड होतो आणि कधी नाही हे तिच्या डोळ्यांसमोर घडतं. साहेब तर दिवसभर ऑफिसात!

तिने एक गोष्ट शहाणपणाची केली. कंप्रेसरला होकार दिला नाही, गाडी दुसरीकडे नेली आणि तिथं गॅसचं नावच काढलं नाही. फक्त काय घडतं ते सांगितलं: “भरला की तीन आठवडे थंड राहतो, मग रोज थोडा थोडा कमी होतो.” त्या कारागिराने बॉनेट उघडलं, नळ्यांवरून बोट फिरवलं आणि पुढच्या जाळीजवळच्या एका सांध्यावर थांबला. तिथं काळा, तेलकट, धुळीने माखलेला डाग होता. गॅसबरोबर कंप्रेसरचं तेलही नळ्यांमधून फिरत असतं. जिथून गॅस सुटतो तिथून थोडं तेलही बाहेर येतं आणि त्यावर आपली विदर्भाची धूळ बसते. साबणाचं पाणी लावलं, बुडबुडे आले. आतली रबरी रिंग सुकून चिरली होती. रिंग, गॅस आणि मजुरी मिळून अडीच हजारांत काम झालं. कंप्रेसर तोच आहे.

दवाखान्यात आपण लेकराला नेतो तेव्हा डॉक्टर काय विचारतात? ताप कधीपासून आहे, दिवसा येतो की रात्री, चढतो कसा, उतरतो कसा. आपण सगळं बिनचूक सांगतो. ‘डॉक्टर, अमुक इंजेक्शन द्या’ असं म्हणत नाही. गाडीच्या बाबतीत मात्र आपण गॅरेजच्या दारातूनच ओरडतो, “भाऊ, गॅस टाकून द्या!” निदान आपणच केलं, औषधही आपणच सांगितलं. मग तो कशाला तपासतो?

तर आधी लक्षणं बघायला शिकू या. कूलर बिघडला की कसं बघता? पंखा फिरतो पण हवा गरम आहे, म्हणजे पंप बंद किंवा ताट्या कोरड्या. पाणी चढतं पण हवाच नाही, म्हणजे मोटार. गाडीच्या एसीलाही हाच पहिला प्रश्न विचारायचा: हवा कमी येते आहे, की हवा जोरात आहे पण गरम आहे? या दोन वेगळ्या दुखण्यांची औषधं वेगळी आहेत.

हवाच कमी येत असेल तर गॅसचा विषय तिथंच बंद करा. बऱ्याच गाड्यांमध्ये डॅशबोर्डच्या कप्प्यामागे एक कागदी जाळीचा फिल्टर असतो. फार जुन्या गाड्यांत तो नसतोही. पण असला तर अनेकींना तो असतो हेच माहीत नसतं. कित्येक वर्षांनी काढला तर त्यातून धूळ, वाळकी पानं, कधी उंदराने जमवलेला कापूसही निघतो. हा फिल्टर थोडक्या पैशांत मिळतो आणि घरीही बदलता येतो. पंख्याच्या चार वेगांपैकी फक्त शेवटचा, सगळ्यात जोराचा वेगच चालत असेल, तर बहुधा रेझिस्टर नावाचा छोटा भाग जळलेला असतो. आणखी एक गंमतीदार लक्षण आहे. लांबच्या प्रवासात अर्धा तास मस्त गार, मग हवा कमी कमी होत जवळजवळ बंद. एसी दहा मिनिटं बंद ठेवला की पुन्हा झकास! हे आतल्या कॉईलवर बर्फ जमल्याचं लक्षण. फ्रिजच्या फ्रीजरमध्ये बर्फाचा डोंगर साठतो ना, तसंच. तिथं तापमान सांभाळणारा सेन्सर तपासायचा.

हवा जोरात आहे पण गरम आहे, असं असेल तर आधी एक बटण बघा. गाडीत गोल वळलेल्या बाणाचं चिन्ह असतं. ते चालू असलं की आतलीच हवा फिरते, बंद असलं की एसी बाहेरची पंचेचाळीस अंशांची हवा ओढून थंड करायला बघतो. कितीतरी ‘बिघडलेले’ एसी या एका बटणाने दुरुस्त होतात. आपल्याकडे आणखी एक घोळ कूलरच्या सवयीने होतो. कूलरला खिडकी थोडी उघडी लागते, ओली हवा बाहेर गेली तरच तो काम करतो. ती सवय गाडीतही येते आणि काच दोन बोटं खाली ठेवून आपण एसी लावतो. गाडी उन्हात तापलेली असेल तर पहिली दोन मिनिटं काचा खाली करून भट्टीतली हवा बाहेर जाऊ द्या, ते बरोबरच आहे. त्यानंतर काचा पूर्ण बंद.

हे करूनही गरमच? मग इंजिन चालू, पंखा चालू, आणि एसीचं बटण दाबून कान द्या. बहुतेक जुन्या गाड्यांत पुढून ‘टक’ असा आवाज येतो आणि इंजिनाचा सूर किंचित बदलतो. कंप्रेसर पट्ट्याला जोडला गेल्याचा तो आवाज. टक झालंच नाही तर फ्यूज, रिले, वायर यांतलं काही गेलेलं असू शकतं. उंदीर वायरी कुरतडतात हे सांगायला नकोच. किंवा गॅस इतका कमी झालेला असतो की आतला सुरक्षेचा स्विच कंप्रेसरला चालूच होऊ देत नाही. टक-टक, टक-टक असं सारखं लागत-तुटत असेल तर गॅस कमी असल्याची शंका घ्यायला जागा आहे. आणि टक व्यवस्थित होतं, कंप्रेसर फिरतो, पण थंडावा शून्य, तर गेजवर तपासल्याशिवाय कोणीच काही सांगू नये.

आता आमच्या भागातलं खास दुखणं. नागपूर रस्त्याला गाडी ऐंशीच्या वेगाने पळते तेव्हा एसी बर्फासारखा, आणि बजाज चौकात गर्दीत थांबली की पाच मिनिटांत गरम. हे लक्षण तुम्हाला दिसलं तर गॅस भरायला अजिबात जाऊ नका. रेडिएटरच्या पुढे एक जाळी असते, तिला कंडेन्सर म्हणतात. आतून उचललेली उष्णता तिथं बाहेर फेकली जाते. गाडी पळते तेव्हा तिला वारा आपोआप मिळतो. थांबली की तिथला विजेचा पंखा मदतीला यावा लागतो. तो पंखा बंद पडला असेल, किंवा जाळी चोंदली असेल, तर थांबलेल्या गाडीत उष्णता जाणार कुठं? आणि आपल्याकडे जाळी चोंदायला काय कमी कारणं आहेत! रस्त्यांच्या कामांची धूळ, पावसाळ्यातले किडे, आणि हिवाळाभर कापसाच्या गाड्यांमागून चालताना उडणारे तंतू. जिनिंगच्या रस्त्याने रोज ये-जा करणाऱ्या गाडीची जाळी एकदा वाकून बघा, गोधडी पांघरल्यासारखी दिसेल. इंजिन गार असताना साध्या पाण्याची हलकी धार मारायची. प्रेशरने नको, पातळ पत्र्याच्या पट्ट्या वाकतात. एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो. अशा चोंदलेल्या गाडीत कोणी वरून आणखी गॅस भरला तर दाब वाढतो, थंडावा उलट कमी होतो आणि कंप्रेसरवर ताण येतो. जास्त मिठाने भाजी जास्त चविष्ट होत नाही, तसंच हे.

जाता जाता पायाखालच्या ओल्या मॅटबद्दल. एसी चालला की आतल्या कॉईलवर पाणी जमतं आणि एका नळीने गाडीखाली टपकतं. ते टपकणं चांगलं लक्षण आहे, घाबरायचं नाही. ती नळी मातीने बंद झाली की तेच पाणी आत, शेजारच्या सीटच्या पायाशी उतरतं आणि गाडीला ओल्या पोत्याचा वास येतो. त्यावर सुगंधी डबी टांगणं हा उपाय नव्हे; नळी मोकळी करा, कॉईल साफ करून घ्या. मात्र ओल गोडसर वासाची आणि चिकट असेल तर ते एसीचं पाणी नाही, इंजिनाचं कूलंट हीटरमधून गळतं आहे. ती गाडी लगेच दाखवायची.

थंडावा ‘वाटतो’ यावर सोडू नका, मोजा. फ्रिजमध्ये ठेवायचा छोटा डिजिटल थर्मामीटर स्वस्तात मिळतो. (तापाचा चालत नाही, तो इतका खाली उतरतच नाही.) तो मधल्या झडपेत खोचायचा, काचा बंद, आतली हवा फिरती, आणि दहा मिनिटं गाडी चालवायची, बाजूला बसलेलीने आकडा वाचायचा. बाहेरच्यापेक्षा पंधरा-वीस अंशांनी तरी हवा थंड यायला हवी. मार्चमधला आकडा किराण्याच्या वहीत लिहून ठेवा, एप्रिलमध्ये पुन्हा लिहा. आकडा दर आठवड्याला सरकत असेल तर गळती आहे. कालपर्यंत छान आणि आज अचानक शून्य, तर बहुधा विजेचं किंवा पट्ट्याचं काहीतरी आहे. एवढी वही दाखवली की गॅरेजमधला बोलण्याचा सूर बदलतो, हे मी पाहिलेलं आहे.

गॅरेजमध्ये काय विचारायचं? पहिलं, “मागचा गॅस गेला कुठून?” याचं उत्तर मिळाल्याशिवाय नवा भरू द्यायचा नाही. गळती शोधायला साबणाचं पाणी आहे, नळ्यांत नायट्रोजन दाबून बघता येतो, चमकणारा रंग टाकून निळ्या दिव्याखाली बघता येतो. दुसरं, व्हॅक्यूम. गॅस भरण्याआधी पंप लावून नळ्यांमधली हवा आणि ओल अर्धा तास तरी ओढून घ्यावी लागते, आणि मग पंप बंद करून काटा जागेवर राहतो का ते बघायचं. काटा परत चढला तर कुठंतरी गळतं आहे. हे न करता ‘टॉप-अप’ करणं म्हणजे न घासलेल्या पातेल्यात दूध तापवणं. तिसरं, गॅस वजनाने. बॉनेटखाली किंवा जवळपास एक चिठ्ठी चिकटवलेली असते, तिच्यावर कोणता गॅस आणि किती ग्रॅम हे लिहिलेलं असतं. लहान गाडीत तो साधारण अर्धा किलोच मावतो. काट्यावर तोलून तेवढाच भरायचा, ‘अंदाजाने’ नाही. आणि दोन नळ्यांना लावलेल्या गेजचे दोन्ही काटे दाखवायला सांगा. दोन्हीकडे दाब कमी असेल तर गॅस कमी. मोठ्या दाबाचा काटा फारच वर असेल तर जाळी, पंखा किंवा गॅस जास्त. एसी चालू असूनही दोन्ही काटे जवळजवळ सारखेच, तरच कंप्रेसरवर संशय. माझ्या मैत्रिणीला ‘कंप्रेसर गेला’ सांगणाऱ्याने गेज लावलाच नव्हता.

गळक्या गाडीत एसी रेटत राहू नका, हेही सांगायला हवं. गॅस कमी झाला की त्याच्याबरोबर फिरणारं तेलही कंप्रेसरपर्यंत नीट पोचत नाही आणि तो खरोखरच जाम होतो. शंभर रुपयांच्या आतल्या रिंगेचं दुखणं मग हजारोंवर जातं.

आणि गळलेला गॅस जातो कुठं? आपल्याच डोक्यावर. पूर्वी गाड्यांत आर-१२ नावाचा सीएफसी गॅस असायचा. त्याने ओझोनचा थर विरतो हे कळल्यावर १९८७ मध्ये मॉन्ट्रियल करार झाला आणि जगभर तो हळूहळू बंद झाला. त्याच्या जागी आर-१३४ए आला. आपल्या बहुतेक जुन्या गाड्यांत तोच आहे. तो ओझोनला धक्का लावत नाही, पण हवा तापवण्यात कार्बन डायऑक्साइडपेक्षा हजार पटींहून जास्त जोरकस आहे. म्हणून २०१६ च्या किगाली दुरुस्तीत असे गॅसही कमी करत न्यायचं ठरलं आणि २०२१ मध्ये भारतानेही तिला मंजुरी दिली. म्हणजे गारव्यासाठी भरलेला अर्धा किलो गॅस दर उन्हाळ्यात हवेत सोडून आपण पुढच्या उन्हाळ्याची आग वाढवतो! चिठ्ठीवर लिहिलेला गॅस सोडून ‘स्वस्तातला दुसरा’ कोणी सुचवला तर स्पष्ट नकार द्या. त्यात पेट घेणारे गॅस मिसळलेले असू शकतात आणि त्याच्यामागे आपली लेकरं बसलेली असतात.

तपासणीची वेळही चुकवू नका. एप्रिलच्या शेवटी एसीवाल्याकडे रांग असते, त्याला श्वास घ्यायला फुरसत नसते, मग गळती कोण शोधणार? फेब्रुवारीत जा, तो निवांत असतो. आणि हिवाळ्यात चार महिने एसी पूर्ण बंद ठेवायची आपली जी काटकसर आहे ती सोडा. कंप्रेसरच्या तोंडाशी असलेलं रबरी सील तेलाने ओलं राहिलं तरच घट्ट बसतं. थंडीतही दर पंधरा दिवसांनी दहा मिनिटं एसी लावायचा, सकाळी मुलांना शाळेत सोडून परत येताना लावला तरी चालतो; स्वेटर अंगात असतोच.